दुसरा ठसा

आईच्या अल्बममध्ये आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोसमोर जो फोटो चिकटवलाय, त्यात माणूस नाही. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा पिवळट कागद, आणि त्यावर फिकट तपकिरी रंगात एक आकृती. वर जाड डोकं, मग एकदम बारीक कंबर, खाली पसरट पाय. पानं उलटत पाहुणे इथवर आले की थबकतात. कुणी विचारतं, एक्स-रे आहे का? माझ्या मुलीच्या एका मैत्रिणीनं ते बुद्धिबळातलं प्यादं ठरवलं होतं.

तो आगगाडीचा रूळ आहे. आडवा कापलेला.

बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये, प्रयोगशाळेत होते. रुळाची एक चकती कापून यायची, ती घासून गुळगुळीत करायची आणि तिचा ‘सल्फर प्रिंट’ काढायचा, हे त्यांचं एक काम. फोटोचा ब्रोमाइड कागद पातळ गंधकाम्लात भिजवायचा, निथळू द्यायचा आणि चकतीवर नीट दाबून बसवायचा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू न देता. पोलादात जिथं गंधक दडून बसलेलं असतं तिथून आम्ल त्याला हुसकून बाहेर काढतं. ते वायू होऊन निघतं, कागदातल्या चांदीला भेटतं आणि त्या जागी तपकिरी डाग धरतो. थोड्या वेळानं कागद सोलून काढायचा, धुवायचा, हायपोत टाकायचा, पुन्हा धुवायचा. यासाठी कॅमेरा लागत नाही, अंधारी खोलीही लागत नाही. बाबा म्हणायचे, “हा लोखंडाचा फोटो लोखंडानंच काढलाय. आम्ही फक्त कागद धरला.”

गंधक हे पोलादाचं दुखणं. प्रमाणाबाहेर गेलं की लालबुंद पोलाद लाटता लाटताच तडकतं. म्हणून वितळलेल्या रसात मँगनीज घालून त्याला बांधून ठेवतात. तरी थोडं उरतंच, आणि ते कुठं कसं उरलंय हे हा कागद दाखवतो. म्हणजे हा फोटो रुळाच्या गुणाचा नव्हे, खोडीचा. आमच्या फोटोत कंबरेच्या मधोमध एक गडद रेघ आहे. पोलादाचा ठोकळा बाहेरून आत थिजत जातो, नको ते सगळं मध्याकडे ढकललं जातं, आणि पुढं रूळ लाटला तरी ते तिथंच राहतं. लहानपणी बाबांनी हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, माणसांचं पण असंच होतं का? ते हसले नाहीत. “माणसांचा प्रिंट काढत नाही कोणी,” म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. एकाच चकतीवर लगेच दुसरा कागद दाबला तर त्यावरही ठसा उमटतो, पण फिका. बरंचसं गंधक पहिल्यानं ओढून घेतलेलं असतं. पहिला ठसा हीट नंबर लिहून फायलीत जायचा, दुसरा काढलाच तर टोपलीत. आमच्या अल्बममध्ये आहे तो दुसरा.

तो घरी आला तेव्हा आजीनं चष्म्याच्या काचा पदराला पुसून बराच वेळ न्याहाळला. “हा त विठोबा दिसून राह्यला,” ती म्हणाली, “कंबर पाय न त्याची. खाली वीट.” बाबांनी समजावलं, की आई, हा 52 किलोचा रूळ आहे, म्हणजे मीटरला 52 किलो, उंची 156 मिलीमीटर, सेंटिमीटरभर जाडीची चकती उचललीस तरी अर्धा किलो भरेल. आजीनं सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी तो कागद देव्हाऱ्यात पंढरपूरच्या तसबिरीला टेकवून ठेवलेला सापडला. कोपऱ्यात हळदीचं बोट आहे, अजून पिवळं.

*

भिलाईची आठवण म्हणून लोक काय काय जपतात ते मी पाहिलंय. रशियन तंत्रज्ञ परत जाताना देऊन गेलेली लाकडी बाहुली, बाहुलीत बाहुली, झेनिट कॅमेरा, रशियन मासिकांचे गुळगुळीत कागद, ज्यांची आम्ही सगळ्यांनी वह्यांना कव्हरं घातली. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. एका रशियन बाईनं आईला निघताना जाड काचेची बरणी दिली होती. तिच्यात आई लिंबाचं लोणचं घालायची. ती फुटली.

मुळात भिलाईत घर नावाची वस्तूच जपता येत नाही. वर्ध्याला आमच्या नातलगांचे वाडे होते, त्यांच्या चौकटींवर चार पिढ्यांच्या पाडव्याच्या खुणा. भिलाईत क्वार्टर. सेक्टर, स्ट्रीट, नंबर. पुढं काही क्वार्टरं लोकांना लांब मुदतीनं मिळाली, पण आमच्या लहानपणी सगळ्यांना एकच ठाऊक होतं: बाबांची नोकरी संपली की किल्ल्या परत करायच्या. भिंतीवर खिळा ठोकतानासुद्धा आई म्हणायची, “उद्या काढावा लागेल हो.” उद्या यायला अडतीस वर्षं लागली, तो भाग वेगळा.

बाबा 1962 साली आले. भिलाईचा कारखाना उभारायचा करार सोव्हिएत संघाशी झाला 2 फेब्रुवारी 1955 ला. त्या दिवशी वर्धा आणि भिलाईचा जिल्हा दुर्ग एकाच राज्यात होते, मध्य प्रदेशात, आणि राजधानी होती आमचं नागपूर. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली तोवर 1 नोव्हेंबर 1956 ची राज्य पुनर्रचना होऊन गेली होती. वर्धा मुंबई राज्यात गेलं, दुर्ग मध्य प्रदेशातच राहिलं. त्यामुळे वऱ्हाड-नागपूरकडच्या जुन्या माणसांना भिलाईला जाणं म्हणजे परमुलखात जाणं वाटेना, आणि आपल्या मुलखात जाणंही वाटेना. आजी शेवटपर्यंत म्हणायची, “मी कोठी गेली नाही. हद्दच सरकली.” बाबा निवृत्त झाले 31 ऑक्टोबर 2000 ला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर तेच क्वार्टर, तोच पेरू, आणि राज्य नवं, छत्तीसगड. आजी असती तर म्हणाली असती, पुन्हा सरकली.

*

आजी आजोबांच्या मागं आमच्याकडे राहायला आली ती एक पत्र्याची पेटी आणि चांदीची कोयरी घेऊन. हळदीकुंकवाची कोयरी, आंब्याच्या आकाराची, दोन घरं, झाकणावर मोर. मोराची मान माझ्या धाकट्या भावानं वाकवली. तो कोयरीला इंजिन करून फरशीवरून पळवायचा, आणि भिंत हे त्याचं स्टेशन होतं.

चैत्रात ती कोयरी आमच्या स्ट्रीटभर फिरायची. आजीच्या हिशेबात हळदीकुंकवाला जात-भाषा नव्हती. दारावर बाई दिसली की बोट पुढं. शेजारच्या मल्याळी काकू कपाळावरच्या चंदनाच्या खाली जागा करून द्यायच्या. बंगाली बौदी कुंकू घ्यायच्या आणि हळद कशाला, म्हणून दर वर्षी विचारायच्या. तेलुगू अम्मांना सांगावं लागायचं नाही. त्याच आजीच्या पायांना हळद लावायच्या, आणि मग आजीच ओशाळायची.

आणि दर चैत्रात कोयरी काळी पडलेली असायची. “हे पाय बरं,” आजी ती उजेडात धरून म्हणायची, “वर्ध्याले वर्ष वर्ष चकचकीत राहे. इथली हवाच सोसत नाही चांदीले.” बाबा म्हणायचे, “आई, हवा नाही, शेगडी. तू ठेवतेस स्वयंपाकघराच्या फळीवर.” चांदी काळी पडायला भिलाईच लागते असं नाही, अंडं, लोकर, रबर, काहीही पुरतं. पण आजीला ते पटवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, आणि इथं तर प्रश्न तिच्या मुलाचा होता.

भाजी घेऊन यायची त्या बाईंच्या गळ्यात चांदीचा सुता होता, बोटाएवढा जाड, शुभ्र. आजीची नजर त्यावर. एकदा तिनं विचारलंच, तुमचा कसा काळा पडत नाही? बाईंनी भोपळा तोलता तोलता सांगितलं, “पहिनबे त करिया नइ होवय, दाई.” अंगावर घातलं तर काळं होत नाही. आजीनं त्या दिवशी कोयरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता ही कशी घालू गळ्यात?” मग बसली रांगोळी आणि रिठ्याचं पाणी घेऊन घासत. मोराची पिसं त्या घासण्यात गेली. आता बोट फिरवलं तर मोर नुसता गुबगुबीत लागतो, कोंबडीसारखा.

*

शेगडीचं सांगायला हवं, कारण तिचं आमच्याकडे काहीही उरलेलं नाही.

जुन्या लोखंडी बादलीला खालून भोक पाडायचं, मध्ये सळ्या घालायच्या, आतून माती लिंपायची, झाली शेगडी. तळाशी गोवरीचे तुकडे आणि चिपाडं, वर कोळसा. संध्याकाळी चारच्या सुमाराला मागच्या अंगणात ती पेटवत ठेवायची आणि धूर सरला की उचलून आत आणायची. मधल्या अर्ध्या तासात मागची गल्ली दिसेनाशी व्हायची. एकाच वेळी वीस-पंचवीस शेगड्या. त्या धुराला एक पिवळा, आंबट, नाकात बसणारा वास होता. नुसत्या लाकडाच्या धुराला तो नसतो. आम्ही मुलं त्यातच लपाछपी खेळायचो, कारण लपायला वेगळी जागा लागायची नाही. कुणीतरी आई ओरडायची, “शेगडी आत नेऊ नका रे, अजून धूर आहे तिला!” कुणाची आई, ते धुरात कळायचं नाही. त्यामुळे सगळेच थांबायचे.

रात्री लांब कुठं तरी स्लॅग ओतला की आभाळ लाल व्हायचं, आणि आजी म्हणायची, “त्यांची शेगडी आता पेटली.”

गॅस आला त्या आठवड्यात आईनं बादली भंगारवाल्याला दिली. मोबदल्यात काय घेतलं तेही तिला आठवत नाही. जपून ठेवण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. आपण जपतो ते आधीच मौल्यवान मानलेलं, नाहीतर असं टोपलीतून उचललेलं. रोजचं वापरातलं सुटून जातं.

*

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. एक साधी गोष्ट लक्षात यायला मात्र बाबांना जावं लागलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आई आणि मी नागपूरच्या घरी अल्बम घेऊन बसलो होतो. डाव्या पानावर आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो. वर्ध्याच्या स्टुडिओतला, जुन्या पद्धतीनं तपकिरी केलेला. आजोबा खुर्चीत, आजी उभी, दोघांच्या तोंडावर आता कुणी ओरडेल असा भाव. असा तपकिरी रंग आणायला फोटोतल्या चांदीला गंधकाची पुटं देतात. चांदीचं होतं सिल्व्हर सल्फाइड, आणि म्हणून तो फोटो साध्या काळ्या-पांढऱ्यापेक्षा जास्त टिकतो. उजव्या पानावर बाबांचा रूळ; तेही सिल्व्हर सल्फाइड. आणि अल्बमवर वजन म्हणून ठेवलेली कोयरी, काळी.

तिन्ही एकच होतं. मी आईला म्हटलं, अगं, हे सगळं एकच आहे. ती म्हणाली, “मग? एकाच घरातलं आहे.”

यंदा चैत्रगौरीला माझ्या मुलीनं कोयरी स्वच्छ करायचं मनावर घेतलं. रांगोळी मी लपवून ठेवली. घासलं की डागाबरोबर चांदीही जाते, आणि मोराकडे द्यायला आता फारसं काही राहिलेलं नाही. दुसरी रीत आहे. भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरायची, तिला टेकून चांदी ठेवायची, खायचा सोडा घालायचा आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. वर्गात मी हा प्रयोग कितीदा दाखवला असेन. घरी कधी केला नव्हता. का केला नव्हता, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते शिक्षिकेला शोभणारं नाही.

मुलीनं पाणी ओतलं. फेस आला, कोयरी हलली, वाकड्या मानेचा मोर पांढरा होऊ लागला. आणि भांड्यातून किंचित वास वर आला. या प्रयोगात तो येतोच, थोडं गंधक वायू होऊन सुटतं. मुलीनं नाक धरलं आणि खिडकी उघडायला गेली.

आई आतल्या खोलीत झोपलेली होती. हल्ली दुपारचा बराचसा वेळ ती झोपेतच असते. तिथूनच तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, मागच्या अंगणात ऐकू जाईल असा.

“शेगडी आत आणू नका गं. अजून धूर आहे तिला.”