ताकाला जाऊन

आमची वस्ती माण तालुक्यात, गावापासून आत ओढ्याच्या काठाला. चार घरं. दावणीला खिलार बैलांची जोडी, एक खिलार गाय, एक म्हैस, दोन शेळ्या आणि खुराड्यात दहा-बारा कोंबड्या, एवढं आमचं खटलं. दोन शेळ्यांतली एक तर आमची नव्हतीच, अर्धलीनं सांभाळायला घेतलेली. मी सांगतोय ते १९७६-७७ च्या सुमाराचं. बहात्तरच्या दुष्काळात दावण मोकळी झालेली. वडिलांनी ती एकेक जनावर करत पुन्हा भरत आणली होती.

तांबडं फुटायच्या आत आई उठे. आधी शेणघाण, मग धार, मग आमच्या पोटाचं. पाटी डोक्यावर घेऊन तिच्या उकिरड्यावर खेपा चालत. त्यातलंच बाजूला काढलेलं शेण थापून शेणी व्हायच्या, शेणींवर दूध तापायचं आणि उरलेल्या राखेनं भांडी निघायची. माझ्याकडे कोंबड्या. सांजेला एकेक मोजून खुराड्यात घालायची आणि खुडूक बसलेली असली तर तिचे एकवीस दिवस चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं मारायचे. मानमोडी आली की मात्र दोन दिवसांत खुराडं ओस पडे. भिंतीवरच्या रेघा अर्ध्यातच राहत.

गाईचं दूध वासरानं पिऊन उरेल तेवढं. खिलार गाय काही दुधासाठी कुणी पाळत नसे. ती बैल देते म्हणून दावणीला. दुधाची खरी मदार म्हशीवर. आई आधी रेडकू सोडायची. म्हैस पान्हवली की रेडकू ओढून बाजूला बांधायचं माझं काम, आणि ते माझ्यापेक्षा जोरकस होतं. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा लिटर निघे. दूध विकणं आमच्या वस्तीवर कमीपणाचं समजत. तूप विकायला हरकत नव्हती. आठवडी बाजारातले तुपाचे पैसे आईचे, त्याला वडीलही हात लावत नसत. लोणी कढवण्याच्या दिवशी तळाची बेरी गुळाबरोबर खायला आम्ही भावंडं चुलीभोवती भांडत असू.

आणि ताक. घुसळखांबाला दोरी, डेऱ्यात रवी आणि तासभर तो घुमणारा आवाज. उन्हाळ्यात ऊन वर यायच्या आत घुसळण उरकायची, नाहीतर लोणी विरघळून बसे. थंडीत गरम पाण्याचा हबका मारल्याशिवाय ते गोळा होत नसे. लोणी निघालं की दारात माणसं. शेजारची म्हातारी, खळ्यावर कामाला आलेल्या बाया, आमच्या रानात मेंढरं बसवलेल्या धनगराची बायको. ताकाला किंमत नव्हती, पण मागायला संकोच होता. तांब्या पदराखाली धरून बाई पावसाचं बोले, लेकीच्या सासरचं बोले, म्हशीकडं बघून तिचं कौतुक करी. आई मध्येच म्हणायची, "भांडं काढ आधी, मग बोल." ती म्हण शाळेत शिकायच्या आत मी दारात बघितली होती. चार दिवसांनी त्याच तांब्याच्या वाटेनं हरभऱ्याची भाजी यायची, कधी मूठभर शेंगा. हिशेब कुणी ठेवत नव्हतं, पण विसरतही नव्हतं.

आता तिथं पुतण्याचा मुक्त गोठा आहे. बारा संकरित होल्स्टीन गाई, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडी नंबर. कडब्याच्या गंजीच्या जागी मुरघासाच्या पिशव्यांची थप्पी. धार काढायला मशिन. आमची गाय चंद्री होती, म्हैस मैना होती. तो गाईंना शेवटच्या तीन आकड्यांनी ओळखतो. मी एकदा यावर थोडं हळवं बोललो. तर पठ्ठ्यानं बाराही गाईंची वेतं, माजाच्या तारखा आणि कोणती कोणत्या सडाला हळवी आहे, हे न अडखळता सांगितलं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा रात्र-रात्र गोठ्यात बसून त्यानं एकेकीच्या गाठी शेकल्या होत्या. आणि नाव असलेली चंद्री आटल्यावर आमच्या वडिलांनीही बाजारात नेलीच होती. त्या दिवशी आई जेवली नाही, एवढंच.

बैल गेले. बेंदराला ट्रॅक्टरला हळदकुंकू लावतात आणि देवळीत मातीची जोडी पुजतात. दारात एकच खिलार खोंड आहे, तोही नांगराला नाही, शर्यतीला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं शर्यतींना मोकळीक दिल्यापासून त्याचा थाट घरातल्या जावयाला नसेल असा आहे.

दूध मात्र मोप. रोजचं सव्वाशे लिटर. पहाटे टेम्पो येतो, कॅन जातात, पावती येते. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागलं तर ठरलेला दर, खाली आलं की कापणी. घरात चहापुरतं राहतं. डेरा माळ्यावर आहे. रवी कुठं गेली कुणाला ठाऊक नाही.

गेल्या वैशाखात गेलो होतो. दुपारी जेवताना ताक मागितलं तर वहिनी हसल्या. "भावजी, रोज दोन लिटर ठिवलं तर म्हयन्याचं साठ लिटर झालं. हप्ता कुणी भरायचा?" मी घुसळणीच्या आवाजाबद्दल काही बोलणार तोवर त्यांनी उजवं मनगट माझ्यापुढं धरलं. लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षं दोरी ओढलेलं मनगट. थंडीत अजून ठणकतं म्हणाल्या. "तुमाला आवाज ऐकू यायचा. दोरी आमच्या हातात हुती."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी घुसळताना एकदाही दोरी धरली नव्हती.

वहिनींनी नातवाला हाक मारली. पोरगा बारा-तेरा वर्षांचा. फाट्यावरच्या दुकानात ताकाच्या पिशव्या मिळतात. त्यानं दहाची नोट खिशात घातली, सायकल काढली. सवयीनं मी फळीवरचा तांब्या खाली काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"ते कशाला, आजोबा?" म्हणाला. "साधं आणू का मसाला?"