पोनीटेल पाम उर्फ नोलिना : २७ कुंड्यांचं नुकसान आणि त्यातून शिकलेलं



गेल्या आठवड्यात तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याला पोनीटेल पामच्या सहा कुंड्या पोचवून आलो. त्याने विचारलं, "काका, पाणी किती घालायचं?" म्हटलं, "विसरलास तर चालेल, रोज आठवणीने घातलंस तर झाड गेलं." तो हसला. पण हे एवढं शिकायला मला २७ कुंड्या घालवाव्या लागल्या. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

आधी झाडाबद्दल. रोपवाटिकेत याला नोलिना म्हणतात. खाली कांद्यासारखा फुगलेला बुंधा, वर बारीक खोड आणि शेंड्याला लांब लांब पानांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा. बुंधा जुना झाला की त्याला भेगा पडतात, म्हणून काही जण हत्तीचा पायही म्हणतात. नावात पाम आहे, पण हा पाम नाही. आपला माड, पोफळ, भेरली माड यांच्याशी याचं काही नातं नाही. शतावरी आणि गडग्यावरची घायपात ज्या कुळात धरतात, त्या कुळातलं हे झाड. मूळ मेक्सिकोच्या पूर्व भागातलं. तिकडे खडकाळ उतार, थोडे महिने पाऊस आणि मग लांबलचक कोरडा काळ. म्हणून ते पावसात बुंध्यात पाणी भरून ठेवतं आणि पुढे त्यावर काढतं. हे मला आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. आमचे गडग्यालगतचे नऊ माड एका रात्रीत आडवे झाले. त्यातले पाच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी कळशीने पाणी घालून वाढवलेले. नवीन माड लावले, पण ते धरायला सहा-सात वर्षं तरी जाणार. मधल्या काळात काय? किनाऱ्यावर होमस्टे वाढतायत, त्यांना शोभेची झाडं लागतात, हे बघून काजूच्या पैशातून नोलिनाची ४० रोपं आणली. १८० रुपयाला एक. घरातून विरोध होता. "खायचां नाय, विकायचां नाय, ह्या कसलां झाड?" असं ऐकून घेतलं.

आबा तेव्हा ८४ वर्षांचे. पायऱ्या उतरणं बंद झालेलं, नजरही कमी झालेली. माड पडल्यापासून ते गप्पच असायचे. कुंड्या आल्या तशी त्यांना हालचाल सापडली. रोज संध्याकाळी तांब्या घेऊन पडवीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. मी एकदा म्हटलं, रोज नको. तर म्हणाले, "पाण्याशिवाय माड जगता काय रे?" मीही फार अडवलं नाही. म्हातारं माणूस, बरं वाटतंय तर घालू दे.

पहिला पाऊस झाला, जुलै गेला. पानं हिरवीगार. गणपतीच्या आधी एका कुंडीतलं झाड सरळ करायला धरलं, तर शेंडा हातात आला. खालचा बुंधा पिकलेल्या पपईसारखा मऊ, आणि वास. दुसरी बघितली, तीच गत. बुंध्यात पाणी साठलेलं असतं त्यामुळे खाली कुजलं तरी वर पानं बरेच दिवस हिरवी राहतात, आपल्याला पत्ता लागत नाही.

माझं डोकं फिरलं. आबा पडवीत तांब्या घेऊनच उभे होते. त्यांच्यावर ओरडलो, "तुमका कोणी सांगल्यान रोज पाणी घालूक? सात हजार रुपये पाण्यात घातलास माझे!" शेजारी ऐकत होते. आबा काही बोलले नाहीत. तांब्या खाली ठेवला आणि माजघरात गेले. दुसऱ्या दिवशी पडवीत आलेच नाहीत.

दोन दिवसांनी सगळ्या कुंड्या उपटून बघितल्या. ४० पैकी २७ गेलेल्या. आणि मग लक्षात आलं, की त्यातल्या ११ कुंड्या विहिरीकडच्या रांगेतल्या होत्या. तिकडे जायला सात पायऱ्या उतराव्या लागतात. आबा तिथे कधी पोचलेच नव्हते. त्यांच्या तांब्यातलं थेंबभर पाणी त्या कुंड्यांना मिळालेलं नव्हतं, तरी त्या कुजल्या.

चूक माझी होती. सोडणाचा भुसा आमच्याकडे फुकट मिळतो, म्हणून कुंड्यांत अर्धा भुसा, बाकी लाल माती आणि शेणखत भरलेलं. भुसा पाणी धरून ठेवतो. माडाच्या रोपाला ते चांगलं, याला विष. वर आमच्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि कुंड्या पागोळ्यांखाली मांडलेल्या. आबांच्या तांब्याने पडवीतल्या कुंड्यांना हातभार लावला असेल, पण झाडं मी मारली.

आमच्या घरात बापाने मुलाची किंवा मुलाने बापाची माफी मागायची पद्धत नाही. मीही मागितली नाही. राहिलेल्या १३ कुंड्यांची माती बदलली, त्या पडवीत ओळीने मांडल्या आणि आबांना हाताला धरून बाहेर आणलं. म्हटलं, "आबा, पाणी माझ्यावर सोडा. तुम्ही रोज अंगठ्याने बुंधा दाबून सांगा, घट आसा काय मऊ." त्यांना दिसायचं कमी, पण आयुष्यभर शहाळं-नारळ हाताने पारखलेला माणूस. दोन महिन्यांनी एका कुंडीला म्हणाले, "ह्या जरासा मऊ लागता." उपटून बघितलं तर मुळं नुकती काळी पडायला लागलेली. काळा भाग कापला, आठवडाभर सावलीत सुकवलं, कोरड्या रेतीत लावलं. वाचलं. त्यानंतर एकही कुंडी कुजली नाही.

आता कामाचं लिहितो.

माती : दोन भाग नदीची जाड रेती, एक भाग जांभ्याची बारीक खडी, एक भाग माती आणि मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत. समुद्राची वाळू नको, त्यात खार असतो. भुसा नको.

कुंडी : बुंध्यापेक्षा दोन-तीन इंच रुंद, एवढीच. मोठ्या कुंडीत ओल राहते. मातीची असेल तर उत्तम. खाली भोक हवंच, आणि ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका. बुंधा मातीत गाडू नका, वरच राहू दे.

पाणी : बोट घालून बघा, खालपर्यंत कोरडं असेल तरच घाला, आणि घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. उन्हाळ्यात मी दहा-बारा दिवसांनी घालतो, थंडीत तीन आठवड्यांनी. बुंध्याला सुरकुत्या पडल्या तर तहान, मऊ पडला तर कूज. हा फरक पाठ करा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पानांची टोकं करपतात.

घरात : खिडकीजवळ, भरपूर उजेडात. माझी मुलगी डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे पश्चिमेच्या खिडकीत एक आहे. ती मे महिन्यात वीस दिवस गावी येते, झाडाला काही होत नाही. मांजराने पानं चावली तरी विषबाधा होत नाही, फक्त पानांची शोभा जाते. पानांच्या कडा खरबरीत असतात, लहान मुलांना ओढू देऊ नका.

बाहेर : जमिनीत लावायचं तर दीड फुटाचा उंचवटा करा, रेती-खडीचा. ऊन पूर्ण चालतं. पण घरातलं झाड एकदम उन्हात काढू नका, पानं भाजतात. पंधरा दिवस अर्ध्या सावलीत ठेवून मग काढा. कुंड्या मृगाच्या आधी पडवीत घ्या.

कीड : पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी. ओल्या फडक्याने पुसून काढा, लवकर दिसला तर फवारणी लागत नाही.

खरेदी : मेक्सिकोच्या रानातून झाडं आणि बी ओरबाडल्याने तिकडे हे झाड धोक्यात आलंय. २०१६ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घेतलं. जाड बुंध्याच्या मागे लागू नका, बियांपासून केलेलं लहान रोप घ्या. वाढ फार सावकाश असते, घाई असलेल्याने हे झाड लावू नये.

शेवटचं एक. २०२३ च्या उन्हाळ्यात वासरू सुटलं आणि एका कुंडीतल्या झाडाचा शेंडाच खाल्ला. आबांनी हात फिरवला आणि म्हणाले, "शेंडो गेलो म्हणजे माड गेलो." माडाच्या बाबतीत खरंच आहे. त्याला एकच कोंब, तो गेला की संपलं. म्हणून तर सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या फांदी फुटलेल्या माडाचं सगळ्यांना नवल वाटायचं. मी ती कुंडी टाकणार होतो, आबाच म्हणाले, असू दे कोपऱ्यात. दोन महिन्यांनी त्यांच्याच बोटांना लागलं, की कापल्या जागी काहीतरी टोचतंय. तीन कोंब आले होते. त्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. वादळानंतर आबांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं.

२०२४ च्या शिमग्यानंतर आबा गेले. त्या दिवशी पडवीत ओरडलो होतो ते शेजाऱ्यांनी ऐकलं, पण चूक माझी होती हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आबांनाही नाही. आज इथे लिहिलं.

तारकर्लीवाल्याला तीन शेंड्यांची कुंडी आवडली होती. दुप्पट पैसे द्यायला तयार होता. ती विकायची नाही.

कुंड्या पागोळ्यांखाली असतील तर आजच काढा, आणि एकदा बुंधा दाबून बघा.