तेव्हा कनेक्शन तरी तुटायचं

धाराशिवला आम्ही उस्मानाबाद म्हणायचो, त्या काळातलं पतसंस्थेचं काम. ‘खाते’ हा बेस क्लास. बचत, मुदत ठेव आणि पिग्मी ही त्याची लेकरं. डेटाबेसमध्ये टेबल एकच, कोणती ओळ कशाची ते सांगायला ‘प्रकार’ हा रकाना. २००७ च्या नोव्हेंबरात डॉट नेट ३.५ बरोबर आलेल्या लिंक टू एसक्यूएलला ही मांडणी छान समजायची. मुख्य शाखेत यादी झरझर दिसे, आणि तीच परंड्याच्या शाखेला पाठवली की कनेक्शन तुटे.

भारनियमनाचे दिवस. संशय आधी विजेवर, मग टेलिफोनच्या लाइनीवर. शेवटी यादी पाठवणाऱ्या डब्ल्यूसीएफचा ट्रेस चालू करून ती लांबलचक फाइल वाचायला बसायचं. कारण तिथं असायचं: सीरियलायझरला ‘खाते’ ठाऊक होतं, ‘पिग्मी’ नव्हतं. तलाठ्याकडे वारसनोंद केल्याशिवाय सात-बाऱ्यावर लेकरांची नावं लागत नाहीत, तसाच हा हिशेब. ‘खाते’च्या माथ्यावर नोन-टाइप म्हणून प्रत्येक चाइल्ड क्लासचं नाव घालायचं, आणि तेही वेगळ्या पार्शल क्लासमध्ये, कारण डिझायनर आपली फाइल नव्यानं लिहायचा तेव्हा त्यात हातानं घातलेली ओळ उडून जायची. खातेदाराकडून खात्याकडे आणि खात्याकडून पुन्हा खातेदाराकडे असा फेरा होऊ नये म्हणून सीरियलायझेशन मोड युनिडायरेक्शनल ठेवायचा, हेही त्याच रात्रींत शिकलो. किती समाधान असायचं परंड्याहून ‘आली यादी’ असा फोन आला की!

आता याच कामाला मुलं सिस्टिम टेक्स्ट जेसन वापरतात. सुटसुटीत आहे, वेगवान आहे. पण ‘खाते’ प्रकारची यादी त्याच्या हाती दिली, तर तो ‘खाते’पुरतेच रकाने लिहितो. मुदत ठेवीची परतीची तारीख, पिग्मीची रोजची रक्कम गळून जाते, आणि एररही येत नाही. पलीकडे यादी पोचते, नावं बरोबर, खाते क्रमांक बरोबर. ही शांतता मला जुन्या तुटलेल्या कनेक्शनपेक्षा जास्त घातक वाटते. त्या तुटण्यानं निदान शोधायला तरी लावलं होतं.

उपाय २०२२ पासून, डॉट नेट ७ मध्ये आहे, आणि तो जुनाच आहे: बेस क्लासवर जेसन-डिराइव्हड-टाइप लावून प्रत्येक वारस नावानिशी सांगायचा. म्हणून नव्या मुलांकडे माझा एकच हट्ट असतो. प्रत्येक प्रकारचं एक खातं पाठवा, परत वाचा, आणि ठेवीची तारीख जागेवर आहे का ते चाचणीतच तपासा. ती तारीख कुणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठी ठरवलेली असते.