भाड्याने मिळणारा हॉल

मुंबईत वर्षानुवर्षं प्रेक्षक म्हणून वावरताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या शहरातले वेगवेगळ्या भाषांचे आणि धर्मांचे लोक कलेच्या निमित्ताने एकत्र आले, त्याचं श्रेय आपण उत्सवांना आणि महोत्सवांना देतो. ते खरं तर जागांना द्यायला हवं. परवडणारी, कुणा एकाच्या मालकीची न वाटणारी, आज तुम्हाला आणि उद्या दुसऱ्याला मिळणारी जागा जिथे होती, तिथे या शहराची कला घडली. अशा जागा आज झपाट्याने कमी होत आहेत आणि महोत्सवांची संख्या वाढते आहे. म्हणून हे मत जरा तपशिलाने मांडावंसं वाटतं.

नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली ग्रँट रोडला नाटकगृह उभं राहिलं. ते मुळात इंग्रजी नाटकांसाठी होतं. पण कोटातल्या साहेबलोकांना ग्रँट रोड लांब पडे आणि तिथली वस्तीही त्यांना रुचत नसे. त्यांनी पाठ फिरवल्यावर थिएटर देशी मंडळींना मिळू लागलं. १८५३ साली सांगलीचे विष्णुदास भावे आपली पौराणिक नाटकं घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांचे खेळ इथे झाले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीने याच रंगमंचावर गुजरातीतून रुस्तुम-सोहराबची कथा सादर केली. भाव्यांनी मुंबईच्या प्रेक्षकांसाठी राजा गोपीचंदाचं नाटक हिंदुस्थानीतही केलं. मराठी, गुजराती आणि हिंदी या तीन रंगभूमींच्या इतिहासात हे एकच थिएटर येतं, आणि ते येतं कारण ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांना ते नको होतं. सर्वधर्मसमभावाचा ठराव कुणी केला नव्हता. तिकीट काढून येणारा प्रेक्षक कोणत्याही भाषेचा असू शकतो, एवढं मंडळींना कळलं होतं.

तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. आज तियात्र म्हटलं की गोवाच डोळ्यांसमोर येतो, पण पहिलं तियात्र गोव्यात झालं नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन्यो रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ सादर केलं. ते मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम करत होते. कंपनीकडूनच त्यांनी कपडेपट विकत घेतला आणि कोकणीत खेळ उभा केला. त्यात काम केलेल्या जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांनी पुढे लिखित संहितांची शिस्त आणली, आणि १९०४ मध्ये त्यांच्या पत्नी रेजिना रंगमंचावर उभ्या राहिल्या. प्रेक्षक होते ते धोबी तलाव, माझगाव भागातल्या ‘कूड’ म्हणजे गावोगावच्या क्लबांत स्वस्तात राहणारे गोवेकर खलाशी, आचारी, वाजंत्री. एका गरीब स्थलांतरित समाजाची कला जन्मायला उतरलेला कपडेपट, भाड्याचं थिएटर आणि परवडणारी खोली, एवढं पुरलं. त्यातली खोली आणि थिएटर आज मुंबईत त्या भावात मिळणार नाही.

गेल्या शतकातही हेच दिसतं. दादर स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ने १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली. बिलासपूरहून मुंबईत आलेले, हिंदीत आणि मराठीत सारख्याच हक्काने नाटक बसवणारे सत्यदेव दुबे यांच्यासारखे दिग्दर्शक तिथे काम करू शकले, कारण तो शाळेचा हॉल होता आणि भाडं झेपणारं होतं. परळचं दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली बांधलं आणि गिरणगावातल्या कामगारांची नाटकं त्यावर पोसली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. वस्तीतली संस्कृती माणसं जोडते तशी तोडतेही, असं इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मोहरमच्या ताबुतांत हिंदूही सामील होत. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर ते मागे सरले, आणि त्याच वर्षी केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो उत्सवाच्या रस्त्याला लागू पडतो. मांडव ज्याचा, उत्सव त्याचा. भाड्याचा हॉल मात्र संध्याकाळी सहा ते नऊ मराठी भजनी मंडळाचा आणि दुसऱ्या दिवशी तमीळ नृत्यवर्गाचा असतो. तिथे शेजारधर्म लगेच शिकला जातो असा माझा दावा नाही. पण लाकडी मंच, पेटी आणि तबला वाटून घेताना एकाचं कसब दुसऱ्याला दिसतं, आणि कलेला तेवढं पुष्कळ होतं. १९४४ च्या लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, एकत्र गायले. त्यामागे विचार होता, तसाच चाळीच्या चौकाचा आणि गिरणीच्या दाराचा मोकळा मंचही होता.

दुसरा आक्षेप असा, की १९९९ पासून भरणारा काळा घोडा महोत्सव खुला आणि मोफत आहेच, मग आणखी काय हवं? तो हवाच. त्याने अनेकांना पहिल्यांदा कला दाखवली. पण तिथे माणूस पाहून जातो. सहा महिने तालीम करून पडत-धडपडत शिकायला तो महोत्सव जागा देत नाही. तालीम ही गर्दीत आणि नऊ दिवसांत होत नसते.

राहिला प्रश्न पैशांचा. मुंबईत चौरस फुटाचा भाव पाहता स्वस्त हॉल परवडतो कुणाला, असं विचारलं जातं. नवे हॉल बांधण्याची घाई मीही करणार नाही. महापालिकेच्या शाळांची सभागृहं वस्तीच्या मधोमध आहेत, आणि छबिलदासने दाखवून दिलं आहे की मुलांची शाळा सुटल्यावर त्याच भिंतींत रंगभूमी उभी राहते. वीज, पहारा आणि सफाईचा खर्च निघेल इतकं भाडं घ्या, अर्जाच्या क्रमाने द्या, कोणत्याही भाषेच्या मंडळाला नाही म्हणू नका. पुनर्विकासाच्या नकाशात जुना हॉल असेल, तर पाडण्यापूर्वीच त्याच्या जागेचा आणि दराचा लेखी करार करून घ्या. परळचं दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये असंच पुनर्विकासासाठी बंद झालं. आपल्या वॉर्डातल्या शाळेचा हॉल संध्याकाळी कुलूपबंद का आहे, एवढी विचारणा तरी वॉर्ड ऑफिसात जाऊन कराच.