उजेडात उडणारा लाल

गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात पाइनचा एक चौकोनी ओंडका घेतला, त्याला नेक जोडली, पिकअप बसवले, तारा चढवल्या. सूर हवा तसा निघत होता, पण समोरच्या श्रोत्यांना त्यात गिटार दिसेना. मग त्यांनी एक गिटार उभी कापली आणि तिचे गोलाकार अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले. त्यानंतर तेच वाद्य लोक मन लावून ऐकू लागले, असं ते पुढे सांगत. ओंडका तोच, तारा त्याच. या गोष्टीने मला फार धीर दिला आहे. कारण सध्या मी पुण्यातल्या एका कारागिराकडून इलेक्ट्रिक गिटार करून घेते आहे आणि जिचा आवाजाशी जवळपास संबंध नाही त्या निवडीवर माझा सगळा जीव अडकला आहे.

पिकअपला कळते ती चुंबकाजवळ थरथरणारी पोलादी तार. महोगनीच्या बॉडीवर चिकटवलेल्या मेपलच्या पातळ टॉपमध्ये रेघा आहेत की नाहीत, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. पण गिटार वाजवायला घेते तेव्हा मान खाली जाते, आणि समोर असतं ते हेच लाकूड. रोज उचलावीशी वाटली तरच ती रोज वाजणार.

कारागिराने मेपलच्या जोड्या मांडल्या. एकच फळी जाडीत चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि मधोमध सांधायची, म्हणजे डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब होते. त्याने ओला बोळा फिरवला आणि मेपल जागा झाला. फ्लेम मेपलमध्ये तंतू सरळ न वाढता लहरत वाढलेले असतात. चिरल्यावर कुठे ते उजेड परतवतात, कुठे पिऊन टाकतात. जोडीतले तंतू उलट दिशांना कललेले, त्यामुळे फळी जराशी तिरकी केली की उजळ पट्टा काळवंडतो आणि शेजारचा उजळतो. पैठणीच्या धूपछाव पोतासारखं हे, नजर हलली की रंग हलतो. क्विल्टेड मेपलचे फुगवटे जास्त दिपवतात, पण त्यांनी माझं मन लवकर भरलं. स्पॉल्टेड मेपलपाशी मात्र मी बराच वेळ थांबले. त्यातल्या बारीक काळ्या रेषा बुरशीच्या असतात. एकाच खोडात दोन वसाहती समोरासमोर आल्या की जिथे त्या एकमेकींना अडवतात, तिथे ती रेष उमटते. कुजणं वेळेवर थांबवलं तर त्या लढाईचा नकाशा हाती लागतो. पण लाकूड मऊ पडलेलं असतं, ते आधी रेझिन पाजून घट्ट करावं लागतं. मी साधा, मध्यम रेघांचा फ्लेम घेतला.

खरा प्रश्न फिनिशचा होता. १९५२ साली गिब्सन कंपनीने लेस पॉल यांच्या नावाची गिटार काढली तेव्हा तिचा मेपल सोनेरी रंगाखाली झाकलेला होता. त्या रंगात कांस्याची पूड असे. वादकाचा हात जिथे टेकतो तिथे घामाने ती हिरवट पडते. १९५८ मध्ये पारदर्शक सनबर्स्ट आला, कडेला लाल, मध्ये पिवळा, आणि मेपल दिसू लागला. तो लाल उजेडात टिकला नाही. कुठे तो चहाच्या रंगावर आला, कुठे पूर्ण उडून नुसता पिवळा उरला. एकाच कारखान्यात एकाच रंगात न्हालेल्या त्या गिटारी आज जुळ्या वाटत नाहीत. माझ्या डोळ्यांना ताज्या लालपेक्षा हा उडालेला लाल कितीतरी सुंदर वाटतो. आयर्लंडचे गिटारवादक रोरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा रंग तर इतका गेला की उघडं लाकूडच तिची ओळख झालं.

पॉलिएस्टरचा जाड, कठीण थर असं काही सहजी होऊ देत नाही. वर्षानुवर्षं तो पहिल्या दिवसासारखा राहतो, आणि कुणाला तेच हवं असेल तर त्यात गैर काही नाही. मला मात्र पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर हवं आहे. ते पिवळं पडेल, थंडीत बारीक तडकेल, मनगटाखाली झिजेल. मी कशी वाजवते ते त्यावर उमटत जावं, एवढीच इच्छा. नेकच्या पाठीला नुसतं तेल, म्हणजे अंगठ्याला लाकूडच लागेल.

“ताई, दसऱ्यापर्यंत थांबा,” कारागीर म्हणाला. पावसाळ्यात नायट्रो मारलं तर हवेतला ओलावा कोटात अडकतो आणि वर दुधाळ धुरकटपणा येतो. शेवटच्या कोटानंतरही तीन-चार आठवडे ते सुकू द्यायचं, मगच बफिंग. तोवर त्याने मेपलच्या उरलेल्या तुकड्यांवर लालच्या चार छटा करून दिल्या आहेत. प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून मी ते दक्षिणेच्या खिडकीत ठेवले आहेत, आणि कोणता लाल कसा उडतो ते पाहून त्याला रंग कळवणार आहे.