सत्याहत्तरचे पेढे

४ जून २०२४ च्या दुपारी अंकुशनगरात आमच्या ओट्यावर पेढ्यांचा पुडा उघडला गेला. कारखान्याचा गाळप हंगाम केव्हाच संपलेला, चिमणी थंड, रस्त्यावर उसाची एकही गाडी नाही. अशा सुस्त दिवसांत आमचा धाकटा शहागडहून धापा टाकत आला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवत सुटला. आमचा जालना जिल्हा लोकसभेला जालना आणि परभणी अशा दोन मतदारसंघांत विभागलेला आहे. दोन्हीकडे सत्ताधारी पडले होते. जालन्यात १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे कल्याण काळेंकडून लाखाहून अधिक मतांनी हरले होते. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा विरोधकांना मिळाल्या होत्या. मराठा, दलित, मुसलमान एका रांगेत उभे राहिले की काय होतं ते बघा, असं जो तो म्हणत होता.

अब्बांनी पेढा घेतला, अर्धा मोडून नातीला दिला आणि म्हणाले, "बेटा, सतहत्तर में बी ऐसेच पेढे बटे थे."

धाकट्याचा चेहरा उतरला. आम्ही भावंडं हसलो. पण अब्बा पुढं जे बोलले त्यानं आमचंही हसू थांबलं. "अठ्ठेचाळीस खासदार चुनके गये. उसमें अपना कित्ते?" एकही नाही. ज्यांना आम्ही रांगा लावून मतं दिली त्यांनी राज्यात एकाही मुसलमानाला उमेदवारी दिली नव्हती. तो विचार त्या दिवशी आम्ही मनाआड केला. संविधान वाचलं, एवढंच त्या घडीला पुरेसं वाटत होतं.

साडेपाच महिन्यांत ती घडी गेली. त्या मधल्या काळात ३१ ऑक्टोबरला आमच्या जवळच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांनी मौलाना सज्जाद नोमानी आणि आनंदराज आंबेडकर यांच्यासोबत मराठा-मुस्लिम-दलित एकजुटीची घोषणा केली. ४ नोव्हेंबरला जरांगे पाटलांनी उमेदवार उभे न करण्याचं जाहीर केलं. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी सव्वादोनशेहून अधिक जागा महायुतीला. त्या रात्री धाकटा जेवला नाही. "मतदानानं काही होत नाही," तो म्हणाला. "अंतरवालीत काय झालं? १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला आणि आठ दिवसांत सरकार दारात आलं. आपण मात्र पंचाहत्तर वर्षं अर्ज लिहितोय. सगळं उलथून टाकल्याशिवाय आपल्याला कुणी विचारणार नाही."

त्याचं बोलणं आम्हाला पटत नव्हतं, पण खोडताही येत नव्हतं.

अब्बांच्या पिढीला उलथापालथ या शब्दाचीच धास्ती आहे. दादा त्यांना १९४८ च्या गोष्टी सांगत. निजामाची राजवट जावी असं वाटणारे मुसलमानही मराठवाड्यात होते. रझाकारांच्या जुलमाला गावं कंटाळली होती. पण पोलीस ॲक्शननंतर जे झालं त्यात रझाकार कोण आणि पानाचा विडा बांधणारा तांबोळी कोण, हे कुणी निवडत बसलं नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागात फिरून गेली. तिचा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. आमच्या घरात तो अहवाल कुणी वाचला नव्हता. दादांचं गप्प राहणं तेवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. राज्य बदलताना सर्वांत आधी किंमत कुणाला द्यावी लागते, हे त्या गप्पपणातून आमच्यापर्यंत आलं.

तरीही अब्बा तरुणपणी क्रांतीच्याच घोषणेनं भारावले होते. ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाशांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. संघ आणि जमाते इस्लामी, दोघांवर बंदी आली आणि दोघांचे कार्यकर्ते एकाच तुरुंगात गेले. नसबंदीच्या भीतीनं माणसं शेतात झोपायला जात. मार्च १९७७ मध्ये मतदान झालं तेव्हा अब्बा बावीस वर्षांचे होते. अंबडच्या बाजारात त्यांनी स्वतःच्या पैशानं पेढे वाटले होते. आता देश नवा होणार, असं त्यांना वाटत होतं.

नवा देश काही आला नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. ज्यांच्यासोबत पेढे खाल्ले त्यांतले काही जण जाळणाऱ्यांत दिसले, असं अब्बा सांगतात. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार गेलं. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

एवढं ऐकल्यावर धाकटा म्हणाला, "मग तेच म्हणतोय मी! निवडणुकीतून मिळालं काय?"

अब्बा उठले आणि आतून पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यातून त्यांनी आमच्या भाचीचा जातीचा दाखला काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "ये मिला."

त्या दाखल्याचा माग काढत गेलं की वाट सत्याहत्तरलाच पोहोचते. त्याच पडक्या सरकारनं जाताजाता दोन कामं केली होती. एक चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, जिच्यामुळे केवळ अंतर्गत अशांततेचं कारण सांगून आणीबाणी लादता येईनाशी झाली. दुसरं, जानेवारी १९७९ मध्ये नेमलेला मंडल आयोग. सरकार पडलं, आयोग राहिला. १९८० च्या अखेरीस अहवाल आला आणि दहा वर्षं धूळ खात पडला. ७ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंगांनी तो लागू करण्याची घोषणा केली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी मुसलमानांतल्या तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार यांच्यापर्यंत तो आपोआप पोहोचणार नव्हता. ते काम आमच्या जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी अंगावर घेतलं. ऑल इंडिया मुस्लिम ओबीसी ऑर्गनायझेशन काढून ते गावोगाव फिरले. मुसलमानात जात कुठून आणली, असं त्यांना आपल्याच लोकांकडून ऐकावं लागलं. दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर आला. ७ डिसेंबर १९९४ ला महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. पेढे वाटल्यानंतर सतरा वर्षांनी. तो निघाला तेव्हा आमच्या गल्लीत कुणी फटाका फोडला नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

इथं आम्हाला एक कबुली द्यायची आहे. तो निर्णय निघून वीस वर्षं झाली तरी आमच्या घरात दाखला नव्हता. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अब्बांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. दादांच्या काळची उर्दू नोंद शोधायची तर हेलपाटे घालावे लागणार होते. आम्ही ते सुरू केले होते. तेवढ्यात जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढला. मराठ्यांना १६ टक्के, मुसलमानांना ५ टक्के. आम्हाला वाटलं, आता कशाला जुनी दप्तरं उपसायची? फाईल गुंडाळून माळ्यावर टाकली. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मात्र मुसलमानांचं शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवलं. त्या आठवड्यात आमची छाती फुगली होती. पण सरकार बदललं होतं. अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि डिसेंबरात तो आपोआप संपला. धाकटा पुढच्या वर्षी बारावी झाला. हातात ना पाच टक्के, ना जातीचा दाखला. जिथं त्याला जायचं होतं तिथली खुल्या वर्गाची फी आम्हाला झेपली नाही. तो आज शहागडला मोबाईल दुरुस्त करतो.

म्हणून त्या रात्री तो दाखला हातात धरून तो अब्बांना म्हणाला, "तुमच्या या सावकाशीत माझी बारी गेली." अब्बा यावर काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. चुकलो होतो ते आम्ही सगळे. अध्यादेश एका सहीनं आला म्हणून हरखलो आणि हातातलं काम सोडलं. पण सतरा वर्षांनी निर्णय आणि पुढं वीस वर्षांनी दाखला, या हिशोबात एक अख्खं माणूस खर्ची पडतं, हेही तितकंच खरं. हळूहळू होईल, असं सांगणाऱ्यानं त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून ते सांगावं. आम्हाला ते जमलं नाही.

अंतरवालीच्या आंदोलनाचा शेवट कुठं झाला, हेही आम्ही जवळून पाहिलं. सरकारनं न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामाच्या काळातल्या नोंदी मोडीत आणि उर्दूत. एके सकाळी शेजारच्या वस्तीवरचे पाटील झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आमच्या ओट्यावर आले. "चाचा, यात आमच्या आज्याचं नाव हाय का बघा." अब्बांनी चष्मा पुसला आणि दोन तास तो घसटलेला उर्दू मजकूर बोटानं चाचपत वाचला. लाखोंची सभा, लाठीमार, उपोषणं, एवढं सगळं होऊन अखेर एका म्हाताऱ्या तांबोळ्याच्या चष्म्याखाली तो कागद आला होता. २ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या उपोषणानंतर जो शासन निर्णय निघाला, तोही हैदराबाद गॅझेटियरचाच आधार घेऊन.

आमची पंचाईत निराळीच. जून २०२४ मध्ये अंतरवालीजवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाला बसले होते. आम्ही तर ओबीसी. शेजारी मराठा. पाटलांनी जाताना विचारलं, "चाचा, तुम्ही कुणीकडचे?" अब्बा म्हणाले, "चहा ठेवलाय, बसा." त्यांना नोंद सापडली याचा अब्बांना आनंद झाला. आपल्या भाचीच्या वाट्याचं काय, ही काळजीही त्याच डोक्यात होती. दोन्ही खरं होतं.

लाठी खाल्ल्याशिवाय दप्तराचं कुलूप निघत नाही, असं धाकटा म्हणतो. कुलूप निघाल्यावर आत बसून वाचणारा लागतो, असं अब्बा म्हणतात. आम्हाला वाटतं, आम्ही आजवर दोन्ही पुरतं केलं नाही. निवडणूक आली की रांग लावली, निकाल लागला की पेढे वाटले किंवा तोंड लपवलं, आणि मधली पाच वर्षं घरी बसलो. जयप्रकाशांची क्रांती पोचली नाही तिथं एक आयोग पोचला, तोसुद्धा अन्सारींसारखा माणूस त्याच्यामागे चालत राहिला म्हणून. २०२४ च्या जूनमधून काय निघेल, हे त्या दिवसाच्या निकालावरून ठरणार नाही. वक्फचा कायदा एप्रिल २०२५ मध्ये बदलला. खासदारांनी विरोधात मतं दिली, पण कायदा झाला. तेव्हाही आमच्या मशिदीच्या जमिनीचे कागद कुठं आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

हल्ली धाकटा शुक्रवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो. जुम्याच्या नमाजनंतर ओट्यावर बसतो आणि आसपासच्या मुस्लिम घरांचे कागद लावतो. उर्दू वाचायला अब्बा शेजारी असतात. दोघांत अजून वाद होतो, आवाजही चढतो. चार घरांचे दाखले झाले. पाचव्या घराची नोंद सापडेना. सोमवारी तो पुन्हा अंबडला जाणार आहे.