बाराशे चाळीस भागिले चार

पेशाने मी सीए. बाराशे चाळीसला चाराने भागायला मला कॅल्क्युलेटर लागत नाही. पण लेहच्या बाजारात थुक्पा खाऊन झाल्यावर हातात बिल घेऊन मी चक्क दोन मिनिटं नुसता बसून होतो. आकडे दिसत होते, पुढे काय करायचं तेच सुचेना! सोबतचं जोडपं हसलं. बायको मात्र हसली नाही.

"अरे, तुझे ओठ निळे पडलेत."

"तू नेहमीच ओव्हरॲक्ट करतेस," मी खेकसलो.

खरं सांगायचं तर लबाडी माझीच होती. निघायच्या आदल्या दिवशीच अंग कसकसत होतं, छातीत कफ होता. पण तिकिटं काढलेली, बॉसला मस्का मारून सुट्टी मिळवलेली. दोन क्रोसिन पोटात ढकलल्या आणि घरी 'एसीची सर्दी' म्हणून सांगून टाकलं.

मुंबई समुद्रसपाटीवर, लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी. त्यामुळे मुंबईतल्या एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश लेहमध्ये मिळतो. धडधाकट माणूस एक-दोन दिवस आराम करून जुळवून घेतो. माझं गणित वेगळं होतं. ताप चढला की शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो, एका अंशाला साधारण दहा टक्के. म्हणजे मागणी वाढलेली. आणि संसर्गाने फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या पाण्याने, पेशींनी भरायला लागलेल्या. म्हणजे पुरवठा आणखी घटलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडून तोटा!

या तोट्याची पहिली झळ मेंदूला लागते. वजन शरीराच्या फक्त दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे वीस टक्के. त्यातही गंमत अशी, की आपलं काहीतरी बिनसलंय हे ओळखायचं कामही मेंदूचंच. तोच गळपटला तर तक्रार करणार कोण? म्हणूनच मी छातीठोकपणे सांगत होतो, "मी एकदम ठीक आहे."

होमस्टेच्या आमा-लेंनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. बायकोचा आकडा ८८. त्याच खोलीत, त्याच उंचीवर माझा ६६. मग त्यांनी सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला मी कपाटावर आदळलो.

रात्रीच हॉस्पिटल गाठलं. एक्स-रेत न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजन लागला आणि तासाभरात डोक्यातलं धुकं विरायला लागलं. पहिल्यांदा तेव्हा घाबरलो, कारण घाबरायला लागणारा मेंदू तेव्हा कुठे जागेवर आला होता! अँटिबायोटिक्स, तीन दिवस बेड आणि मग थेट खाली. पँगाँग राहिलंच.

तर मंडळी, सर्दी-ताप असेल तर डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो. आणि वर गेल्यावर सोबतचा माणूस विचित्र वागला, अडखळला, धापा टाकायला लागला, तर त्याच्या 'मी ठीक आहे'वर अजिबात विश्वास ठेवू नका. ऑक्सिजन द्या, डॉक्टर गाठा, खाली आणा.

बायकोला 'सॉरी' म्हटलं. ती म्हणाली, "आधी भागाकार कर."

तीनशे दहा.